वरची गाडी, खालची गाडी

लिफ्टवाला मापं घ्यायला आला त्या दिवशी सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. गॅरेजमध्ये जावं, परत स्वयंपाकघरात यावं, गॅस बंद आहे ना ते बघावं आणि पुन्हा गॅरेजमध्ये जावं. दोनदा त्याच्या टेपमध्ये पाय अडकला तेव्हा तो म्हणाला, आजी, तुम्ही आत बसा ना. बसणारी असते तर बसले नसते का, बाबा?

आमच्या घरात मी तळमजल्यावर, थोरला मधल्या मजल्यावर आणि धाकटा सगळ्यात वर. गॅरेज एकच, तेही माझ्या नावावर, आणि गाड्या दोन. पूर्वी तिथे ह्यांची गाडी असायची. हे गेल्यावर थोरल्याने ती विकून टाकली. धाकटा कामासाठी बाहेरगावी होता, त्याला विचारलंसुद्धा नाही. पडून पडून गंजत होती, म्हणाला. धाकटा परत आला, त्याने शटर वर केलं आणि रिकाम्या जागेत तसाच उभा राहिला. तेव्हापासून दोघांमध्ये विस्तव जात नाही. वर्ष उलटून गेलं. फोनवरही एकमेकांना बंद करून ठेवलंय. बोलायचं असलं की माझ्याकडे येतात. आई, त्याला सांग पाण्याचा पंप बंद कर. आई, त्याला सांग जिन्यात चपला काढू नको. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अख्खी नोकरी केली, पण तिथेही एवढं राबवून घेतलं नाही कुणी. आणि निरोप पोचवताना मधले चार शब्द मी गाळायची, नाहीतर केव्हाच डोकी फुटली असती.

रस्त्यावर लावलेली थोरल्याची गाडी कुणीतरी खरवडून गेलं, आणि गॅरेजमध्ये कुणी लावायची यावरून माझ्यामार्फत नवं महाभारत सुरू झालं. तेव्हा सुनांनीच तोडगा काढला: लिफ्ट बसवू, एक गाडी वर, एक खाली. त्या दोघींचं उत्तम पटतं. पटायला त्या काय सख्ख्या बहिणी थोड्याच आहेत.

लिफ्टवाल्याने छत मोजलं, जमिनीला दोन ठिकाणी बारीक भोकं पाडून खालचं काँक्रीट किती जाड आहे ते बघितलं. मग ओट्यावर दोन तऱ्हेच्या लिफ्टची चित्रं पसरली. पहिलीत खड्डा खणायचा. खालची गाडी खड्ड्यात उतरते, वरची जमिनीला लागते, ज्याला हवं तेव्हा तो आपली गाडी काढतो. कुणाचं कुणाशी काम नाही. दुसरी साधी, चार खांबांची. तिच्यावरची गाडी खाली आणायची तर खालची आधी बाहेर काढावी लागते.

थोरल्याने फोनवर चित्रं बघून आधीच पहिली पसंत केली होती. धाकट्यानेही तीच. वर्षभरात दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट, आणि दोघांना ती मीच सांगितली. मीही मान डोलावणार होते. तेवढ्यात लिफ्टवाला चित्र गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "चार खांबांची काही वाईट नाही, पण रोज सकाळी खालच्याला हाक मारावी लागते. घरात बोलणं नसेल तर लोक घेत नाहीत ती."

माझ्या हातात कपबशी होती, ती मी खाली ठेवली.

"तीच बसवा," मी म्हटलं.

त्याने दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. मुलांना काय सांगायचं हा प्रश्न होता, तर मी सरळ खोटं बोलले. खड्डा खणला तर पाणी लागेल, घराचा पाया हलेल, लिफ्टवाला स्वतःच नको म्हणाला. दोघांनी तोंड वाकडं केलं, पण गॅरेज माझं, तेव्हा तोंड वाकडं करण्यापलीकडे काही करता आलं नाही. कुणाची वर हे मात्र ठरवावं लागलं नाही. धाकट्याची गाडी उंच, ती वर चढवली तर छताला टेकली असती. म्हणजे थोरल्याची वर. आणि कामावर लवकर जायचं थोरल्यालाच. म्हणजे हाक त्यानेच मारायची. न विचारता ज्याने गाडी विकली त्यालाच आता रोज विचारावं लागणार, हे लक्षात आलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. म्हातारपणी माणसाला देवाने एवढी अक्कल का द्यावी, देव जाणे.

लिफ्ट बसली. पहिल्या सकाळी मी खिडकीशी चहा घेऊन बसले. बसले म्हणजे काय, उठत बसत होते. जिन्यात थोरल्याची पावलं वाजली. आता हाक मारेल, मग मारेल. चहा गार झाला. तो गॅरेजमध्ये गेला, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली किल्ली घेतली, धाकट्याची गाडी रस्त्यावर नेऊन लावली, बटण दाबून आपली खाली घेतली आणि निघून गेला. आदल्या संध्याकाळी सुनांनी तो खिळा ठोकला होता. माझे चार खांब, मोटर, साखळ्या, सगळं एका खिळ्याने निकालात काढलं. त्या दिवशी मी जेवले नाही. सुनांना वाटलं, पोट बिघडलं.

दोन दिवसांनी धाकटा आला. आई, त्याला सांग, सीट पुढे ओढतोस ती परत मागे करत जा, माझे गुडघे आपटतात. थोरला बुटका, धाकटा ताडमाड. मी म्हटलं, "आजपासून निरोप बंद. तुझं तू सांग." त्याला वाटलं मी थट्टा करतेय. थोरल्यालाही तेच ऐकवलं. माझं डोकं तापलं होतं. लिफ्टने जमत नसेल तर असं, असा माझा हट्ट. धाकटा रोज गुडघे आपटत राहिला, पण बोलायला गेला नाही. मी तरी कुठे हरत होते.

असे आठवडे गेले. मला झोप धड लागेना, वाचायला घेतलेलं पुस्तक त्याच पानावर राहिलं, आणि लिफ्टची मोटर वाजली की उगाचच दाराशी जाऊन उभी राहायची सवय लागली.

एका सकाळी, सुना कामावर गेल्यानंतर, थोरला नेहमीसारखा धाकट्याची गाडी बाहेर काढत होता. ती थांबायला हवी होती तिथे थांबली नाही. रस्ता ओलांडून समोरच्या भिंतीच्या अगदी जवळ जाऊन कशीबशी उभी राहिली. थोरला उतरला, खाली वाकून बघितलं आणि माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला.

"आई, त्याला सांग, आज गाडी काढू नको म्हणावं."

कसली भांडणं उकरताय सकाळी सकाळी, असं मनात आलं माझ्या. का, हे मी विचारलं नाही. "तुझं तू सांग," मी म्हटलं आणि तोंड फिरवलं.

तो वळला. बाहेर गेला, आपली गाडी खाली घेतली आणि रस्त्यावर आडवी लावली. आमची गल्ली एका बाजूने बंद आहे, त्यामुळे धाकट्याची गाडी आत कोंडली गेली. मग तो इंजिन बंद करून आत बसून राहिला. कामाची वेळ टळत होती तरी बसून राहिला. झालं, आता हे हातघाईवर येणार, म्हणून मी चपला न घालताच बाहेर धावले.

धाकटा घाईघाईने खाली आला. गाडीत बसला, सुरू केली आणि हॉर्न दाबला. थोरला हलला नाही. पुन्हा हॉर्न. शेवटी धाकट्याने काच खाली केली.

"गाडी काढ."

वर्षभरानंतरचा पहिला शब्द हा. थोरल्यानेही काच खाली केली.

"ब्रेक दाब."

"काय?"

"दाबून बघ आधी."

धाकट्याने दाबला असावा. मला त्याचा पाय दिसत नव्हता, चेहरा दिसत होता. त्याने पुन्हा दाबला, मग आणखी एकदा. मग इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात तसेच चाकावर ठेवून बसला. गाडीखालून रस्त्यावर तेलाची रेघ आली होती, ती मला तेव्हा दिसली.

पायरीला धरून मी खाली बसले. निरोप माझ्या दारात आला होता आणि मी तोंड फिरवलं होतं. थोरल्याने नाद सोडून आपली गाडी दामटली असती तर? गल्लीच्या तोंडाशी उतार आहे, आणि उताराखाली मोठा रस्ता. हा विचार पुरा करायचं धैर्य मला आजही होत नाही.

मला बसलेलं बघून दोघं उतरले, दोघांनी मला उठवलं, एकाने एका बाजूने आणि दुसऱ्याने दुसऱ्या. काय झालं, असं दोघांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही, चपला घालायच्या राहिल्या. सकाळचा निरोप मी धुडकावला हे सांगायला हवं होतं, पण मी तळपायाची माती झटकत राहिले.

थोरल्याने घड्याळात बघितलं. "चल, सोडतो तुला," तो रस्त्याकडे बघत म्हणाला.

धाकटा क्षणभर घुटमळला. मग त्याने थोरल्याच्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि भाड्याच्या गाडीत बसावं तसा मागे जाऊन बसला. थोरल्याने गाडी सरळ केली आणि तो निघाला.

मी फाटकाशी उभी राहिले. उतार लागायच्या आधी गाडीचे लाल दिवे लागले, गाडी हळू झाली. मागच्या काचेतून दिसलं, धाकट्याने पुढच्या दोन सीटांच्या मधून डोकं पुढे घातलं होतं आणि हात हलवून थोरल्याला काहीतरी सांगत होता. थोरलाही मान वळवून उत्तर देत होता. भांडत असणार. भांडू देत.