मालन नावाची फाइल

मित्रांनो, घरात नवा माणूस आला की आधी मला टीव्ही समजतो. मग पुढ्यातली बटणं बघतो आणि टाइपरायटर समजतो. मी दोन्ही नाही. दिंडोरीजवळच्या एका द्राक्षबागायतदाराच्या घरातला मी जुना कॉम्प्युटर. खरं सांगू का, माझं निम्मं आयुष्य बुचकळ्यात पडण्यातच गेलं.

माझी पहिली वर्षं नाशिकरोडच्या एका क्लासात गेली. तिथं मुलं बेसिक ही कॉम्प्युटरची भाषा शिकायची. नवी मशिनं आली तसं तिथल्या कुंदन सरांनी मला त्यांच्या मित्राला, चिमाजीला, देऊन टाकलं. चिमाजी फवारणी आटोपून यायचा, हातपाय धुवायचा आणि माझ्यासमोर बसून एका बोटानं टाइप करायचा. बागेतली एकूण एक गोष्ट तो फ्लॉपीवर लिहून ठेवी. मग ‘फाइल्स’ असा हुकूम द्यायचा, की मी फ्लॉपीवरच्या फायलींची नावं पडद्यावर मांडायचो. फवारणी, पाऊस, पाणी, छाटणी, मालन. इंग्रजी अक्षरांत, आठ अक्षरांच्या आत.

यादी मांडताना मला फक्त नावं कळतात, आतलं काही कळत नाही. फवारणी आणि पाऊस ओळखीचे होते, घरात दिवसभर तेच बोलणं असायचं. पण मालन म्हणजे काय? एखादं औषध? खताची नवी जात? हे नाव त्या घरात मी एकदाही ऐकलं नव्हतं.

दुसरं कोडं घरातल्या बाईचं. मुलगा ज्ञानेश तिला आई म्हणायचा, तोडणीच्या बाया वहिनी म्हणायच्या, चिमाजी नुसतं “ऐकलं का” म्हणायचा. दर खंडेनवमीला ती छाटणीच्या कात्र्या, फवारणीचा पंप आणि मला ओळीनं मांडून पूजा करायची. मला हळदकुंकू लावायची आणि फ्लॉपी जाते त्या फटीत चिमूटभर अक्षता सारायची. “तोंड हाय तर घास नको का त्याला?” असं म्हणायची. मी कधी तांदूळ खाल्लेले नाहीत, मित्रांनो. पण एवढं कौतुक दुसरं कोण करणार, म्हणून गप्प राहायचो.

पुढं हातात मोबाइल आले. माझ्यावर जुनी चादर पडली. दोन वर्षांपूर्वी चिमाजीही गेला. पूजा मात्र चुकली नाही, वर्षाला चिमूटभर तांदूळ येतच राहिले.

यंदाच्या ऑक्टोबरात एका दुपारी चादर निघाली. समोर ज्ञानेशची मुलगी वेदिका होती, नाशिकला कॉलेजात शिकणारी. शेजारी आजी. बाग म्हातारी झाली म्हणून ज्ञानेशनं ती काढायची ठरवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी येणार होता.

“एक झाड हाय त्यात,” आजी सांगत होती. “एका साली अवकाळी पाऊस झाला, सगळ्या बागेचे मणी तडकले. त्या एका झाडाचे नाय. तुझ्या आजोबांनी त्याला रंगाची खूण केली व्हती, ती गेली धुऊन. आता घड नाय तर सगळी झाडं सारखीच दिसत्यात. कितवं झाड ते त्यांनी यात लिहिलं असंल. ते सापडलं तर त्याच्या काड्या घेऊन कलम करता येईल.”

“उद्या सकाळी दहापर्यंत थांबतो. मग मला सांगू नका,” दारातून ज्ञानेश म्हणाला आणि गेला.

वेदिका माउस शोधू लागली. मला माउस नाही. तिनं काहीतरी टाइप केलं, मला ते समजलं नाही, मी चूक म्हणून कळवलं. शेवटी चिमाजीच्या वहीत तिला ‘फाइल्स’ हा हुकूम सापडला. तिनं चिमाजीची फ्लॉपी फटीत सारली आणि तो दिला. मी फ्लॉपी फिरवायला गेलो तर आत काहीतरी करकरलं. डिस्क तयार नाही, एवढंच मी पडद्यावर म्हणालो. तिनं पुन्हा हुकूम दिला. मीही पुन्हा तेच म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

“फ्लॉपी गेली आजी. इतकी वर्षं कुठं टिकते?”

आजी माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “त्याला उलटा धर बरं. मीच भरवलंय त्याला.”

दोघींनी मला उताणं केलं, पालथं केलं. हळदीनं पिवळे झालेले मूठभर तांदूळ जमिनीवर सांडले. वेदिका हसायला लागली, आजी मात्र ओशाळून गेली.

आता यादी आली. वेदिकानं फवारणी उघडली, पाऊस उघडला, पाणी, छाटणी, सगळं धुंडाळलं. त्या झाडाचा कुठंच उल्लेख नाही. “एकच राहिलं. मालन,” ती म्हणाली आणि थांबली. “आजी, हे तर तुझं नाव.”

आजी जवळचं स्टूल ओढून त्यावर बसली. “त्यांनी मला नावानं हाक नाय मारली गं कधी. लग्नात घेतलं असंल तेवढंच.”

फाइल उघडली. आत दोनच वाक्यं होती. ओळ अकरा, झाड चार. सगळे तडकले, ही एकटी टिकली.

मालनबाई किती तरी वेळ पदरानं डोळे पुसत होती. मला वाईट वाटलं. त्या फाइलीचं नाव मी शेकडो वेळा मांडलं होतं आणि ती दर वर्षी माझ्यासमोर हळदकुंकू घेऊन उभी होती. मला पत्ता नव्हता. आता वाटतं, तिलाही नव्हता.

सकाळी जेसीबीच्या आधी काड्या निघाल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या गेल्या. ज्ञानेशनं स्वतः कापल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्राला वर्षातून एकदा पुसा, पण तोंडात काही घालू नका. आणि ज्याचं नाव तुम्ही कुठंतरी जपून ठेवलंय, त्याला ते एकदा ऐकू जाईल असं म्हणा.

मालनबाईला इंग्रजी अक्षरं येत नाहीत. हल्ली वेदिका सुट्टीला आली, की आजी माझी चादर काढते आणि म्हणते, “पोरी, ती यादी वाच बरं. शेवटपर्यंत वाच.”