मेंढरं मोजायची नसतात

मेंढपाळ रबारी बायकांना शिकवायला भुजहून आलेल्या हंसाबेननं फळ्यावर गणित घातलं. एका रबारीकडे चोवीस मेंढ्या, लांडग्यानं नऊ खाल्ल्या, किती उरल्या? बिचारीला वाटलं, बायकांना ओळखीचं वाटेल. झालं उलटंच. बायका थुंकल्या आणि ओढण्या सावरत उठल्या. जित्या जनावराची तोंडानं गणती करायची म्हणजे त्याला दृष्ट लावायची, आणि ही बया वर लांडगाही सोडते! रामीनं जाता जाता विचारलं, "बेन, तुझी पोरं किती? त्यातली दोन मेली तर किती उरतील, तेही घाल की फळ्यावर." दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओसरीवर एकटी वेजी आली.

वेजी रामीची धाकटी जाऊ. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. त्याच्या मागे राहिलेल्या मेंढ्या थोरला दीर, रामीचा नवरा वांका, आपल्या कळपाबरोबर लांब चरायला नेई आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत आणी. मेंढ्या सगळ्या परत यायच्या, कारण वेजी एकेकीचं तोंड ओळखायची. पण वाटेत जन्मलेली कोकरं तिनं कुठं पाहिलेली? वांका रामीच्या तोंडून निरोप धाडी, रोग आला, तुझी एवढीच जगली. दर वर्षी रोग यायचा आणि नेमका हिच्याच कोकरांना व्हायचा. किती जन्मली, किती मेली, हे विचारायची सोय नव्हती. मोजायचंच नाही ना! चोराला याहून सोयीचा देवधर्म कुठं मिळणार?

वेजी चिडून शिकली. बेरीज पटकन आली, वजाबाकीत हातच्याशी अडली. सहातून सात जात नाहीत म्हणून शेजारच्याकडून दहा घ्यायचे आणि परत करायचेच नाहीत, ही तिला सरळसरळ चोरी वाटे. आमच्या घरात चालतं तसंच म्हणा की, असं ती हंसाबेनला म्हणाली. पाणवठ्यावर बायकांनी वेजीशी बोलणं टाकलं होतं.

यंदा कळप परतला आणि रामी निरोप घेऊन आली. सात जगली.

सकाळी वांकाच्या वाड्याचं फाटक उघडलं आणि रात्रभर वेगळी ठेवलेली कोकरं आयांकडे धावली. मेंढी आपल्याच पिलाला पाजते, दुसरीचं आलं तर ढुशी देते. तिथं माणसाची लबाडी चालत नाही. वेजीच्या मेंढ्यांखाली कोकरांची ही गर्दी लुचत होती, आणि बहुतेकांच्या कानाला वांकाची खूण होती, ताजी कापलेली.

वांका खाटेवर बसून बशीतून चहा पीत होता. शेजारी जातीतले चार म्हातारे होते. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण थोरल्या दिरासमोर वेजीनं कधी तोंड उघडलं नव्हतं. तिनं ओढणी हनुवटीखाली ओढली, बोट पुढं केलं आणि म्हणाली, "एक."

म्हातारे दचकले. ती पुढं मोजत राहिली. तिला गप्प कर, असं वांकानं बायकोला फर्मावलं. रामीनं येऊन दंड धरला, तर वेजीनं तिला ढकलून दिलं. आपल्याच तोंडानं आपली कोकरं मरतील, ही भीती तिलाही होती. तरी ती सव्विसापर्यंत गेली.

"सव्विसातून सात. सहातून सात जात नाहीत, शेजारच्याकडून दहा घेतले. नऊ, आणि वर एक. रामीबेन, त्यांना सांग, माझी एकोणीस कोकरं त्यांच्याकडं आहेत."

वांका हसला. "बाईचा हिशेब. कुणाला ताळा करायचाय का? करा, मोजा."

म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या.

"मग त्यांना सांग, मी चुकले असेन," वेजी म्हणाली. "पुन्हा मोजते. या खेपेला त्यांच्या मेंढ्यांपासून." तिचं बोट वांकाच्या सगळ्यात दुधाळ मेंढीकडं वळलं. "एक."

वांकाच्या हातून बशी पडली. "देऊन टाक," तो रामीवर ओरडला, "सगळी देऊन टाक तिला."

दुपारपर्यंत म्हाताऱ्यांनी निकाल दिला. यापुढं वेजीची जनावरं कुणी चरायला नेणार नाही. रामीच तो सांगायला आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली. "तुझी तू ने आता."

"नेईन," वेजी म्हणाली. "एकतीस मेंढ्या, सव्वीस कोकरं. सगळी मिळून सत्तावन्न."

रामी कानांवर हात ठेवून पळाली.