वाकोलीचे आमदार कॉव्हेंट्रीत

वाकोलीचे आमदार श्रीनिवास खराडे चार दिवस आपल्याकडे उतरणार, हे नवऱ्यानं, जयंतनं सांगितलं तेव्हा मीनल कणीक मळत होती. तिचा हात थांबला.

"वाकोलीचे? तेच खराडे?"

"तुझ्या माहेरचेच! सांडपाण्याच्या अभ्यासदौऱ्यावर आलेत. शनिवारी मंडळात भाषण ठेवलंय. 'माझे कार्य आणि पुढील संकल्प'." जयंत इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. वर्षभरात त्याला दिवाळीचा फराळ सोडून काही घडवता आलं नव्हतं, त्यामुळे तो हरखून गेला होता.

मीनलनं कणकेचा गोळा परातीत आपटला. तिचे वडील, निवृत्त हेडमास्तर अण्णा, हिरडेवाडीला राहत. तिथल्या ओढ्यावर साकव बांधा, म्हणून त्यांनी ह्याच खराडेंना सात वर्षांत नऊ पत्रं लिहिली होती. पावसाळ्यात ओढा फुगला की पलीकडच्या मुलांची शाळा आठ-आठ दिवस बुडायची. एकाही पत्राला उत्तर आलं नव्हतं. प्रत्येकाची कार्बन कॉपी मात्र अण्णा न चुकता मीनलला विलायतेत, कॉव्हेंट्रीला धाडत.

"जेवायला घालीन," ती म्हणाली. "कौतुक मात्र तुझं तू कर."

ही अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. खराडे आले ते सफारीवर दोन स्वेटर चढवून, कान मफलरनं बांधून. दुसऱ्या दिवशी जयंत कारखान्यात गेला, मुलगी रेखा कॉलेजला गेली. मीनल एका डेंटिस्टकडे रिसेप्शनवर होती, तिनं रजा काढली होती. साहेब सहाला आंघोळ करून तयार. पुढच्या खोलीत सोफ्यावर मांडी घालून, दाराकडे तोंड करून बसले. आठ वाजले, नऊ वाजले.

"वैनी," शेवटी ते म्हणाले, "माणसं कवा येत्यात?"

"कसली माणसं?"

"गाऱ्हाणी घिऊन."

"इथं नाही येत कुणी."

"अकरा वर्सं झाली, सकाळी माझ्या दारात पन्नास माणूस असतंय. त्याबिगर मला चहा जात न्हाई बघा." असं म्हणत त्यांनी चौथा कप संपवला.

तेवढ्यात बेल वाजली. शेजारच्या मिसेस पाइक आल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही हातांत गरम पाण्याच्या रबरी पिशव्या. त्यांचा घर गरम करणारा बॉयलर सहा आठवडे बंद होता आणि घरमालक असलेली हाउसिंग असोसिएशन नुसते फॉर्म पाठवत होती. रोज सकाळी त्या मीनलकडून पिशव्या भरून नेत.

साहेब ताडकन उभे राहिले. "बसा मावशी, बसा!" मिसेस पाइकना शब्द कळला नाही, हात कळला. त्या बसल्या. मग मीनलला मध्ये घालून चौकशी सुरू झाली. कधी बिघडलं? कुणाला सांगितलं? त्याचं नाव काय? तो काय म्हणाला? रात्री किती पांघरुणं घेता? सहा आठवड्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं. म्हातारीनं चष्मा काढून डोळे पुसले.

साहेबांनी बॅगेतून लेटरहेड काढलं, शिक्का काढला, शाईचं पॅडसुद्धा काढलं. 'सदर महिला आमच्या चांगल्या परिचयाच्या असून...' असं झरझर लिहिलं आणि खाली धाडकन शिक्का मारला.

"चला, हापिसात जाऊ."

"अहो साहेब, मराठी तिथं कोण वाचणार?"

"वैनी, आमच्याकडं तरी कोन वाचतंय? समदे शिक्का बघत्यात."

बसमध्ये मिसेस पाइकनी सगळी हकीकत मोठ्यानं सांगितली. त्याच असोसिएशनचे चार म्हातारे भाडेकरू उठून बरोबर निघाले. एकाचं छत गळत होतं, एकीचं दार लागत नव्हतं. ऑफिसमधल्या तरुण मॅनेजरनं नेहमीप्रमाणे फॉर्म पुढे केला. साहेबांनी फॉर्म नीट घडी करून खिशात ठेवला, लेटरहेड टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत मांडी ठोकली.

"सांगा त्यास्नी, आमी बसतो हितं."

"किती वेळ?" मॅनेजरनं मीनलला विचारलं.

"मागल्या खेपेला तहसील कचेरीत तीन दिवस बसलो हुतो, म्हनावं. चटई घिऊन गेलो हुतो."

मीनलनं चटईसकट भाषांतर केलं. मॅनेजरनं पत्र उलटं धरून पाहिलं, मग सुलटं, मग शिक्क्यावर बोट फिरवलं. "हे कुणी सरकारी पाहुणे आहेत का?"

"लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी आहेत," मीनल म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं.

"कुठले?"

"वाकोलीचे."

वाकोली कुठे आहे, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही. दुपारी चार वाजता मिसेस पाइकच्या दारात प्लंबर उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयंत टायची गाठ मारत खिडकीशी गेला आणि ओरडला, "मीनल! आपल्या दारात क्यू लागलाय!" बाहेर अकरा माणसं होती. इंग्रजच ती, एकामागे एक, शिस्तीत. साहेबांचा चेहरा असा फुलला, की त्यांनी पहिलाच कप एका दमात संपवला. "येस, येस, टेल," म्हणत एकेकाला आत घेतलं. मीनल दुपारपर्यंत दुभाषीपणा करत होती. ते प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकत, मध्ये घड्याळ बघत नसत. ते पाहून तिला आधी बरं वाटलं. मग राग यायला लागला, आणि तो वाढतच गेला.

शेवटचा माणूस गेल्यावर तिनं कपाटातून फाईल आणली. "साहेब, आता माझं गाऱ्हाणं."

त्यांनी नऊच्या नऊ कॉप्या वाचल्या. सावकाश, बोट ठेवून.

"मास्तर तुमचे वडील?"

"हो."

"मला तर एकबी आठवंना."

"शिक्का नव्हता ना त्यांच्यावर."

साहेबांनी फाईल मिटली. मग म्हणाले, "खरं सांगतो वैनी. दारात आलेलं मानूस मी बघतो. टपालानं आलेलं पीए बघतो."

"आणि पीए काय करतो?"

"फायलीला लावतो."

"अण्णा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. तुमच्या दारात यायचं तर वाटेत तोच ओढा लागतो. कसे येतील?"

त्या रात्री साहेब एकच पोळी जेवले.

शनिवारी हॉलमध्ये साठेक माणसं जमली होती. भाषण पीएनं लिहून दिलेलं, चौदा पानी. एकंदर एकवीस संकल्प. औद्योगिक वसाहत वाचून झाली, शीतगृह झालं, स्टेडियमही झालं. आठव्या संकल्पाला रेखानं हात वर केला.

"काका, तुम्ही खूप छान बोलते. पण ह्यातला कुठला काम पहिली करणार? जस्ट वन."

जयंतनं कपाळाला हात लावला. साहेबांनी कागद खाली ठेवले आणि हॉलभर नजर फिरवून मीनलकडे पाहिलं.

"हिरडेवाडीचा साकव," ते म्हणाले.

एकविसांत साकव कुठेच नव्हता. लोकांनी बिचकत टाळ्या वाजवल्या. साकव म्हणजे काय, असं पोरांनी विचारलं, तेव्हा साहेब व्यासपीठावरून उतरले. बटाटेवड्यांच्या टेबलाची फळी त्यांनी दोन घडीच्या खुर्च्यांवर टाकली. "ह्यो ओढा, ही पलीकडं शाळा," म्हणत स्वतः वर चढले. दोन पावलं बरी गेली. तिसऱ्याला खुर्ची मिटली आणि वाकोलीचे आमदार चिंचेच्या चटणीत बसले. हॉलमध्ये असा हशा पिकला, की त्यांनाही खालून हसू आवरेना.

मीनल एकटी हसली नाही. ती उभी राहिली. "साहेब, कधी?"

"पुढच्या पावसाळ्याच्या आत, वैनी."

"लिहून द्या. शिक्क्यासकट."

चटणीचा हात पुसून त्यांनी साठ माणसांसमोर लिहून दिलं.

पुढच्या पावसाळ्याच्या आत काही झालं नाही. एक खांब तेवढा उभा राहिला आणि त्यावर बगळे बसू लागले. मीनलनं दर महिन्याला एक फोन लावायचा सपाटा लावला. पीएनं घेतला तर ठेवून द्यायचा आणि पुन्हा लावायचा, साहेब येईपर्यंत. नव्वदच्या जूनमध्ये साकव झाला.

जुलैत अण्णांचं पत्र आलं. उद्घाटनाला खराडे सव्वा तास बोलले होते. विलायतेतल्या पुलांचा सखोल अभ्यास करताना ही कल्पना आपल्याला सुचली, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. जयंत खो खो हसला. मीनल संतापानं लाल झाली, पण पुढचं वाचता वाचता ती खुर्ची ओढून बसली. पहिल्याच मोठ्या पावसात एकेचाळीस मुलं कोरड्या पायांनी शाळेत आली, असं अण्णांनी लिहिलं होतं. आपल्याला पलीकडे काही काम नव्हतं, तरी त्या दिवशी आपण चार वेळा जाऊन आलो. पाचव्यांदा निघालो, तर तुझ्या आईनं छत्री काढून घेतली.