भवानीची बोटं

मित्रांनो, मी एक ओस पडलेली वेबसाइट आहे. माझ्यावर धूळ बसत नाही, म्हणून माझे हाल कोणाला दिसत नाहीत.

असोद्याच्या द्रौपदाबाई कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत विकत. केळीच्या गोदामातली मजुरी सोडून त्यांना स्वतःच्या चुलीवर जगायचं होतं. भरिताचा हा हिवाळा त्यासाठीच होता; गोदामात जाणं त्यांनी थांबवलं होतं. धुळ्याहून सख्खा भाचा अभिमन आला आणि त्याने मला बनवलं. मी देखणी होते, हे सांगायला मला लाज नाही.

"मावशी, नुसत्या वेबसाइटने काय होतं? कोणी फोनवर भरीत शोधलं की तुझं नाव पहिल्या ओळीत दिसलं पाहिजे. त्या जाहिरातीचे पैसे भरावे लागतात."

द्रौपदाबाईंनी हिवाळ्यासाठी जपलेली रक्कम त्याच्या हातात ठेवली. घरचाच पोरगा, त्याला काय विचारायचं!

एक गोष्ट त्याने सांगितली नाही. त्या ओळीवर कोणी बोट लावलं की दर वेळी पैसे कापले जातात. दिवसाची रक्कम संपली की ओळ गायब!

दुसऱ्याच सकाळी जाऊबाई सुंदरबाईंनी देवापुढे दिवा लावला, फोनवर नाव शोधलं आणि बोट लावलं. "दाबा रे सगळे! द्रौपदाची भवानी होऊ द्या!" दिवसाची पहिली विक्री आपल्या माणसाच्या हातून व्हावी, ही त्यांची श्रद्धा. भुसावळचे दीर, पाचोऱ्याची नणंद, खुद्द द्रौपदाबाई, सगळे रोज प्रेमाने बोट लावत. न्याहारीच्या आतच पैसे संपत. दुपारी जळगावचं खरं गिऱ्हाईक शोधायला येई, तेव्हा ओळ नसेच. मला सगळं दिसत होतं, पण तोंड कुठे होतं? अभिमनलाही दिसत होतं. त्याला तोंड होतं. त्या तोंडाने तो म्हणायचा, "बघ मावशी, केवढी गर्दी!"

थंडी सरत आली तेव्हा तो आणखी पैसे मागायला आला. मावशीची रक्कम संपली होती, म्हणून फोनवर ओळ दाखवता यावी यासाठी त्या दिवसाचे पैसे त्याने स्वतःच्या खिशातून भरले होते.

"कारे अभिमन, इतकी गर्दी होऊ राह्यली, तं भरीत कोन नेऊ राह्यलं?"

"लोक आधी बघून जातात गं."

"बघून पोट भरतं का त्याइचं?" असं म्हणत द्रौपदाबाईंनी त्याच्या फोनवरच्या ओळीकडे सवयीने बोट पुढे केलं.

अभिमन ओरडला, "अगं, दाबू नको! पैसे जातात!"

द्रौपदाबाईंचं बोट तिथंच थांबलं. "आन आम्ही रोज दाबत होतो, तव्हा?"

"ती पण गर्दीच ना, मावशी..."

"माह्या बहिनीचं पोर हायेस, म्हनून हात आवरते. ऊठ."

आता त्या पुन्हा गोदामात केळीचे घड धुतात. माझ्यावरची वांगी मात्र अजून ताजी दिसतात.

मित्रांनो, वेबसाइटला जपा, असं मी सांगणार नाही. माणसाला जपा. घरच्यांकडून पैसे घ्याल, तर ते कशात जातात हे आधी सांगा. आणि जो हे लपवतो त्याला चोर म्हणा. मोठ्याने म्हणा. भाचा असला तरी.