उणे तीसचं जॅकेट

संयोगितानं जॅकेटाची चेन वर ओढली, पण ती आबांच्या पोटाशी येऊन अडली ती अडलीच.

"बसंना," ती म्हणाली.

गगनबावड्याच्या पठारावर सकाळचं धुकं असं दाटलं होतं, की दहा पावलांवरचा मंडपही धड दिसत नव्हता. हे धुकं हवं म्हणूनच आमदार राजवर्धनदादांनी कार्यक्रम इथं ठेवला होता. निवडणूक तोंडावर, सैन्याच्या थंडीच्या जॅकेटांचा ठेका त्यांच्या मेव्हण्याला मिळालेला, आणि कोल्हापुरात, राजारामपुरीत जाहिरातीचं शूटिंग करायचं तर हिमालय आणायचा कुठून? म्हणून चार गाड्या भरून माजी सैनिक घाटमाथ्यावर आणले होते. मंडप, गाड्या, जेवण, सगळं 'जवान सन्मान' म्हणून सरकारी खर्चात. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला दादांना कुणी शिकवावं लागत नसे.

आबा, म्हणजे तिचे वडील, चंदगडचे सुभेदार गणपतराव, आठ वर्षं बर्फात काढलेले आणि डाव्या पायाची दोन बोटं तिथंच ठेवून आलेले. आज त्यांनी जॅकेट घालून कॅमेऱ्यासमोर चार वाक्यं बोलायची होती. पुढच्या महिन्यात संयोगिता दादांच्या शाळेत शिक्षिका म्हणून कायम होणार होती. सहा वर्षं ती त्या एका कागदाची वाट बघत होती. तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

"ह्ये सँपलचं हाय, बारकंच पडणार," दादांचा कार्यकर्ता पृथ्वीराज म्हणाला. "थांबा, टेंपोत माल भरलाय, त्यातलं मोठं आणतो."

सीमेवर जायच्या खोक्यांतलं एक त्यानं फोडलं. नव्या जॅकेटाची चेन सरसर वर गेली. आबांनी बाही चिमटीत धरून पाहिली, मग दुसऱ्यांदा पाहिली. सँपल घातलं तेव्हा त्यांच्या कानामागं घाम आला होता. तो आता वाऱ्यानं वाळत होता.

"काय झालं, आबा?"

"काय न्हाय."

"आत काय भरल्यालंच न्हाय व्हय?"

"तुझी ऑर्डर निघू दे आधी," आबा म्हणाले आणि मंचाकडं चालू लागले.

संयोगिताचा धाकटा भाऊ सम्राटही फौजेत, आता त्याच बर्फात होता. मागच्या आठवड्यात फोनवर किती खुशीत बोलला होता. "आक्का, नवी जॅकेटं येणार हायत म्हणं आमास्नी."

मंच दरीच्या बाजूनं उघडा होता. फोटोग्राफरला कधी धुकं जास्त व्हायचं, कधी कमी. पाऊण तास आबा खुर्चीत ताठ बसून राहिले. आधी त्यांची हनुवटी थरथरली, मग हात. त्यांनी हात मांडीखाली दाबले, तरी ते थांबेनात.

दादांनी ते पाहिलं आणि माइक हातात घेतला. संधी सोडणारा माणूस नव्हताच तो.

"बघा, सुभेदारसाहेबांना गहिवरून आलंय! उणे तीस डिग्रीला ऊब देणारं जॅकेट हाय ह्ये. आपल्या जवानांसाठी!"

टाळ्या पडल्या. संयोगितानंही वाजवल्या. मग आबांनी पाठ केलेली वाक्यं म्हटली. "असलं जॅकेट आमच्या येळंला असतं तर..." पुढचे शब्द दातांच्या कडकडाटात तुटले. पुढच्या रांगांतले म्हातारे फौजी आता टाळ्या वाजवत नव्हते. ते आबांच्या हातांकडं बघत होते. संयोगिताला दादांचा राग आला, आबांचाही आला, आणि टाळ्या वाजवणाऱ्या आपल्या हातांचा सगळ्यात जास्त.

"मॅडम, या की वर," दादा म्हणाले. "लेकबी येऊ दे फोटोत."

ती वर गेली. आबांचा हात हातात घेतला, तर तो गारठून गेला होता. त्यांनी तो सोडवून घेतला.

"जा, खाली बस," ते पुटपुटले. "कायम व्हायचंय तुला."

संयोगितानं अंगावरची शाल काढली. जॅकेटावरून ती आबांच्या गळ्यापर्यंत लपेटली आणि टोकं नीट काखेत खोचली. आबांनी तिच्याकडं पाहिलं, पण यावेळी अडवलं नाही.

दादांनी माइक जरा बाजूला धरला आणि हसतहसत हळूच म्हणाले, "शाल काढा मॅडम, जॅकेट झाकतंय."

"ऱ्हाऊ दे, दादा," ती म्हणाली. बाजूला धरलेला माइक नेमका तिच्याच तोंडाशी आला होता, त्यामुळं ते साऱ्या पठारावर ऐकू गेलं. "आबांस्नी थंडी वाजतीया."