गिरणी चालू आहे तोवर

“माझा डबा पुढं होता!”

“होता की. मागच्या जन्मी!”

सकाळी सकाळी गिरणीच्या दारात पंचनामे तात्या आणि कुंभारीण आजी यांची जुंपली होती. तशी ती रोजच जुंपायची. डबे रांगेला लावायचे, आपण जाऊन सावलीला बसायचं आणि डब्यांना पाय फुटले की एकमेकांच्या सात पिढ्या बाहेर काढायच्या, हा गिरणीचा शिरस्ताच होता. सुगी नुकतीच उरकली होती. शेतं उघडी पडली होती, मातीला हात जाईल अशा भेगा पडल्या होत्या आणि वारा सुटला की अख्ख्या गावाच्या डोळ्यांत धूळ जात होती. पण घरोघरी नवा गहू आला होता, त्यामुळं गिरणीला उसंत नव्हती.

“गप बसा की दोघं!” आतून आवाज आला, तसं पायरीवर झोपलेलं कुत्रं उठून निघूनच गेलं.

हा आवाज गिरणीवालीचा. नवरा वारल्यापासून गिरणी तीच चालवायची. दिवसभर पट्ट्याच्या धडधडाटात बोलायची सवय, त्यामुळं तिनं कानात सांगितलेली गोष्टही पार वेशीपर्यंत ऐकू जायची. गाव तिला माघारी ‘भोंगा’ म्हणायचं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यात आणखी एक गंमत. इतकी वर्षं काही ऐकू न येणाऱ्या जागी उभं राहून तिला ओठांवरून बोलणं कळायला लागलं होतं. रांगेच्या टोकाला दोघी जावा सासूबद्दल काय कुजबुजतात, ते हिला इकडं पीठ झाडता झाडता समजायचं. अशा बाईपासून देवानंच वाचवावं.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गावभरच्या पोटातलं काढणाऱ्या या बाईला स्वतःच्या पोरीच्या पोटात काय आहे ते काही केल्या कळत नव्हतं.

पोरगी अठरा-एकोणीसची. लहानपणापासून एका जागी बसली नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. ट्रॅक्टर चालवायची, झाडावर चढायची, तात्यांच्या चालण्याची नक्कल करून रांगेतल्या बायांना हसवून लोळवायची. तीच भिंगरी गेल्या पावसाळ्यापासून भिंतीकडं तोंड करून पडायला लागली. उठवलं की उठायची, जेव म्हटलं की दोन घास खायची, लोकांसमोर हसायचीसुद्धा. पण ते हसणं चिकटवल्यासारखं, आणि ते आईला दिसायचं.

“कुणी काही बोललं का गं?”

“नाही.”

“कुणी छेडलं का? नाव सांग नुसतं, दगडाखाली घालून दळते त्याला.”

“नाही गं आई.”

“मग पोट दुखतंय का?”

“काही नाही झालेलं. काहीच नाही.”

हे ‘काहीच नाही’ ऐकलं की गिरणीवालीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. काही झालं असतं तर ती त्याच्याशी भांडली असती. भांडायला तिला एरवी कारणही लागत नव्हतं. पण काहीच न झालेल्याशी भांडायचं कसं? ती रात्री उठून पोरीचा श्वास चालू आहे ना ते बघायची आणि पुन्हा येऊन पडायची. खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती. नुसती भीती.

आता अशा पोरांसाठी गावात सोय नव्हती असं नाही. दवाखान्याकडून दर बुधवारी एक चष्मेवाली बाई यायची. तरण्या पोरापोरींनी यावं, मनात जे असेल ते बोलावं, तिनं ऐकावं, लागलंच तर मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंकडं न्यावं, असं तिचं काम. गावानं तिला नाव ठेवलं ऐकणारी ताई. पण तिला बसायला खोली दिली ती भर चौकात, आणि समोरच तात्यांचा कट्टा! तात्या म्हणजे रस्त्यानं मांजर गेलं तरी त्याचा पंचनामा करणारा माणूस. पहिल्याच बुधवारी लोहाराचा धाकटा त्या खोलीत गेला, तर तो बाहेर यायच्या आत गावभर झालं, “लोहाराच्या पोराच्या डोक्यात फरक पडलाय.” त्याला बघायला येणारं स्थळ परस्पर फिरलं. त्यानंतर त्या खोलीत माशीसुद्धा फिरकली नाही. ताई बिचारी सकाळी येऊन कुलूप काढायची, दिवसभर रिकाम्या खुर्चीकडं बघायची आणि संध्याकाळी कुलूप लावून जायची.

गिरणीवालीनं भिंगरीला एकदा म्हणून बघितलं, “जातेस का त्या ताईकडं?”

“तात्यांच्या समोरून?” पोरगी म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

एका बुधवारी ऊन मी म्हणत होतं, तेव्हा ही ताई सावलीला म्हणून गिरणीत शिरली. गिरणीवालीनं तिला पाणी दिलं. ताई काहीतरी बोलली, पण गिरणीत तिचा आवाज तिच्या तिलाच ऐकू आला नाही.

“किती आवाज आहे हो इथं!” ती शेवटी ओरडली.

“मग काय तर! इथं कुणाला काही बोला, दोन हातांवरच्याला कळत नाही. थांब, गंमत दाखवते.” असं म्हणून गिरणीवालीनं दारातल्या तात्यांकडं हसून बघितलं आणि मान डोलवत त्यांना एक सणसणीत शिवी हासडली. कागदावर लिहिण्यासारखी नव्हती ती. तात्यांनीही हसून हात वर केला. “बरं चाललंय, बरं चाललंय!”

ताईला हसू आवरेना. हसता हसता ती थांबली. गिरणीकडं बघितलं, मागच्या पोत्यांच्या थप्पीकडं बघितलं, दारातल्या रांगेकडं बघितलं.

“काकू,” ती ओरडली, “दळायला घरातून कोण येतं?”

“कुणीही येतं. पोरांनाच पिटाळतात जास्त.”

“आणि गिरणीत गेलं म्हणून कुणी नावं ठेवत नाही?”

“दळण आणलं म्हणून काय नावं ठेवायची?”

“मग दर बुधवारी मी तुमच्या पोत्यांमागं बसले तर चालेल?”

गिरणीवालीला उमजायला एक क्षण लागला. मग तिनं पोत्यांमागची जागा स्वतः झाडून काढली आणि दोन डबे उलटे घालून बसायची सोय केली. ताई तिच्याजवळ आली आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, “एक अट आहे. तुम्हाला ओठांवरून कळतं म्हणे. इकडं बघायचं नाही.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“सगळं गाव सांगतं!”

झालं. बुधवारी गिरणीला जत्रेचं रूप यायला लागलं. कधी घरातला तांब्या न उचलणारी पोरं आईला म्हणू लागली, “आण, मी दळून आणतो.” पाच शेर दळायचे तर कुणी ते शेर-शेर करून पाच बुधवार आणायला लागलं. लोहाराचा धाकटा आला. तात्यांचा नातू आला. परीक्षा आली की त्याला रात्र रात्र झोप यायची नाही आणि हातपाय थरथरायचे, घरात कुणाला पत्ता नव्हता. आया म्हणायच्या, “पोरगा भलताच कामाचा झालाय गं!” पण म्हणताना एकमेकींकडं बघायच्या नाहीत. घरोघरी मातीच्या चुली. ठाऊक सगळ्यांना होतं, बोलत कुणी नव्हतं.

आणि भोंगा? भोंगा पोत्यांकडं पाठ करून उभी राहायची. एकदा समोरच्या डब्याच्या चकचकीत झाकणात मागचं सगळं दिसायला लागलं. पोराचे ओठ हलताना दिसले, त्यातला एक शब्द कळला आणि दुसरा कळायच्या आत तिनं झाकण पालथं घातलं. जन्मात पहिल्यांदाच चालून आलेली बातमी तिनं परत पाठवली, आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

पण भिंगरी येत नव्हती. बुधवारमागून बुधवार जात होते. परक्यांची पोरं रडून मोकळी होऊन जात होती आणि गिरणीवाली घरी जाऊन बघायची तर पोरगी तशीच भिंतीकडं तोंड करून. आई तिला चल म्हणायची नाही. ताईनंच सांगितलं होतं, ओढून आणायचं नाही. ती फक्त घरातून निघताना मोठ्यानं म्हणायची, “आज बुधवार आहे बाई!” आता तिचं मोठ्यानं म्हणजे काय, शेजारच्या चार घरांनाही वार कळायचा.

आणि एका बुधवारी ती आली.

बाहेर वारा नुसता घोंघावत होता, रस्त्यावरून धुळीच्या गिरक्या पळत होत्या, दारातले सगळे डबे उचलून आत आले होते आणि डब्यांच्या मागोमाग माणसंही. तात्या होते, कुंभारीण आजी होती, आणखी सात-आठ बाया दाटीवाटीनं उभ्या होत्या. त्यांच्यातून वाट काढत भिंगरी आली. तिच्या हातात छोटा डबा होता, आणि त्यात मूठभर गहू. गिरणीवालीच्या घरी पिठाला काय तोटा?  पण आजीनं सरकून वाट दिली.

पोरगी पोत्यांमागं गेली. आईनं पाठ फिरवली. अशी पाठ तिनं आजवर कधी फिरवली नव्हती. मान दुखायला लागली तरी वळली नाही. हात दाण्यांवर होता आणि जीव मागं.  मग तिला नुसतं जाणवलं की पोरगी बोलतेय. गिरणीच्या वरताण ओरडून बोलतेय.

आणि फटकन लाइट गेली.

पट्टा फरफरत थांबला. दगड घरघरून गप्प झाले. त्या शांततेत भिंगरीचं वाक्य अर्ध्यावर सापडलं, तिला आवाज आवरता आला नाही.

“...सकाळी जाग आली की वाईट वाटतं, कशाला जाग आली म्हणून!”

सगळ्यांनी ऐकलं. आईनंही ऐकलं. ती गिरणीच्या खांबाला धरून मागं वळली. पोत्यांमागं पोरगी उठून उभी राहिलेली दिसत होती, चेहरा पांढराफटक. आता ती पळणार, आणि पळाली की पुन्हा कधी बोलणार नाही, हे आईला लख्ख कळत होतं. काहीतरी बोलायला हवं होतं. पण गावभर भोंगा म्हणून गाजलेल्या बाईच्या तोंडातून हवासुद्धा निघेना.

“माझा डबा कुणी सरकवला?” तात्या एकदम कडाडले.

सगळ्यांनी चमकून त्यांच्याकडं बघितलं. त्यांचा डबा त्यांच्याच पायाशी होता. तात्यांनी कुंभारीण आजीकडं डोळे वटारले, आणि त्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांचा नातू हल्ली रात्री झोपत होता. तो का झोपत होता, हे पंचनामे करणाऱ्या माणसाला कळलं नसेल होय?

आजी बारा गावचं पाणी प्यायलेली. तिनं मापटं उचललं आणि डब्यावर आपटलं. “मी सरकवला! काय करशील?”

“रांग आहे का काय आहे?”

“रांग तुझ्या बापाची?”

“अगं बापावर जातेस?”

“जाते! आज्ज्यावर पण जाते!”

मग लोहारणीनं शेजारणीच्या पिठावर संशय घेतला. शेजारणीनं तिच्या गेल्या वर्षीच्या कोंबडीचा विषय काढला. कुणी झाकणं आपटायला लागलं, कुणी नुसतंच “अन्याय आहे, अन्याय!” म्हणून ओरडायला लागलं. ज्यांचं कधी भांडण नव्हतं त्यांनीही काढलं. गिरणीवालीला आता कुठं समजलं. तिनं छाती भरून श्वास घेतला.

“गप बसाऽऽ!” ती ओरडली, आणि असं ओरडली की कुणी गप बसूच नये. “माझ्या गिरणीत भांडता? भांडा! बघतेच कोण थांबतंय ते!”

तिचे डोळे वाहत होते आणि घसा फाटत होता. त्या सगळ्या गदारोळात पोत्यांमागं ताईनं भिंगरीचा हात धरून तिला खाली बसवलं. पोरगी बसली. जराशानं तिचे खांदे हलायला लागले, आणि मग ती बोलत राहिली, बोलत राहिली. कुणाला एक शब्द ऐकू आला नाही.

लाइट येईपर्यंत कुणी भांडण थांबवलं नाही. गिरणी पुन्हा धडधडायला लागली तेव्हा तात्यांचा आवाज पार बसला होता आणि आजी धापा टाकत डब्यावर बसली होती.

भिंगरी बाहेर आली. डोळे सुजलेले, केसांवर पीठ. ताईनं गिरणीवालीच्या कानात सांगितलं, पुढं मोठ्या दवाखान्यात जाऊ, मी आहे बरोबर. भिंगरीनं छोटा डबा उचलून आईला दाखवला. गहू तसाच होता.

“राहू दे,” आई म्हणाली. घसा गेलेला, त्यामुळं आवाज इतका हळू निघाला की रांगेतल्या बाया बघतच राहिल्या. “पुढच्या बुधवारी आण.”

पोरगी काहीतरी बोलली. गिरणीच्या आवाजात ते ऐकू येणं शक्य नव्हतं. पण या वेळी आई तिच्याकडंच बघत होती.

“आणीन,” असं म्हणाली होती पोरगी.

गिरणीवालीनं पदरानं तोंड पुसलं आणि पहिला हाताला लागला तो डबा उचलून गिरणीत ओतला. तो तात्यांचा निघाला.

“ए बाई!” कुंभारीण आजी ताडकन उठली. “मघाचं राहू दे, पण माझा डबा खरंच पुढं होता हं!”