नियम गमावलेली रांग

मित्रांनो, मी एक जुनी रांग आहे. तिकिटाच्या खिडकीपुढची रांग तुम्ही पाहिली असेल. मी संगणकाच्या पोटात उभी असते. नवी चिप कारखान्यात बनवण्याआधी ती एका प्रोग्रॅममध्ये लुटुपुटूची चालवून बघतात. त्या प्रोग्रॅमला सिम्युलेटर म्हणतात. माझा जन्म तिथला. आत राहून मला बाहेरचे बोलणे कसे ऐकू येते, ते मात्र विचारू नका.

मेमरी म्हणजे क्रमांक घातलेल्या खणांचे कपाट समजा. चिप तिकडे पाकिटे पाठवते. एखाद्यात निरोप असतो, 'या खणात हे ठेव.' दुसऱ्यात असतो, 'या खणात काय आहे ते सांग.' प्रत्येक पाकिटाला सुटायची वेळ दिलेली असते आणि ज्याची वेळ आधीची, ते माझ्यात पुढे घुसते. त्याला माझी ना नाही. पण मला घडवणाऱ्या मॅडमनी एक ओळ लिहून ठेवली होती: एकाच खणाकडे निघालेल्या पाकिटांनी एकमेकांना ओलांडायचे नाही. नाहीतर ठेवायचे पाकीट मागे राहील, विचारायचे पुढे जाईल आणि खणातला शिळा आकडा घेऊन परत येईल.

हा नियम मी डोळ्यांत तेल घालून पाळला. पहिली मोठी चाचणी बिनचूक निघाली तेव्हा मॅडम पडद्यावर टिचकी मारून म्हणाल्या, "गुणाची आहेस गं!" पुढे त्या निवृत्त झाल्या. ती ओळ कशासाठी आहे, हे त्यांनी शेजारी लिहिले नव्हते. त्यांना ते उघडच वाटले असावे.

आता मला एक ताई वापरते. तिच्या वडिलांना जवळजवळ ऐकू येत नाही, आणि त्यांचे कानयंत्र गलक्यात कुचकामी ठरते. गर्दीतूनही माणसाचा शब्द वेगळा काढून देईल अशी चिप तिने स्वतः आखली. तिचा सगळा जीव त्या आराखड्यात होता. पण चाचणीला फार वेळ लागे, कारण नियम पाळायचा तर मला दरवेळी सगळी पाकिटे तपासावी लागत. शेजारच्या टेबलावरच्या दादाला तिची दया आली. मनाने फार चांगला आहे हो तो! त्याने माझी ती ओळ बंद केली, एक छोटीशी चाचणी घेतली, तीत एकाच खणाकडे दोन पाकिटे निघालीच नाहीत, म्हणून ती नेमकी सुरळीत पार पडली आणि स्वारी खूश झाली.

तेव्हापासून माझ्या डोळ्यांदेखत पाकिटे एकमेकांना ओलांडतात. मला जेवढे लिहून दिले आहे तेवढेच करता येते, म्हणून मी त्यांना जाऊ देते. ताईच्या चिपला शिळे आकडे मिळतात आणि शब्दांऐवजी नुसती खरखर बाहेर पडते.

"दादा, सिम्युलेटरमध्ये काही बदललंस का रे?" तिने विचारले.

"छे गं, फक्त वेग वाढवलाय. उत्तरं तीच येतात, मी बघितलंय ना."

"मग माझंच काहीतरी चुकतंय."

अगं, नाही गं बाई! मी जिवाच्या आकांताने ओरडले. पण रांगेला आवाज कुठला? तिने आराखडा पुन्हा पुन्हा तपासला, धड होते तेही बदलले. डबा न उघडताच घरी नेऊ लागली.

आज तिने हात टेकले. साहेबांना सांगून आराखडा मागे घेतला आणि घरी फोन लावला.

"बाबा, नाही जमलं."

पलीकडे ऐकू गेले नसावे.

"नाही जमलं, बाबा!" तिने आवाज चढवला. "चिप! अहो, तुमची चिप! नाही जमली!"

दादा खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला.

"एका अर्थी बरं झालं, वेग वाढवला होता," तो हळूच म्हणाला. "नाहीतर हे कळायलाच तुझं आणखी एक वर्ष गेलं असतं."

तिने डोळे पुसले. "हो रे. थँक्यू, दादा."

मित्रांनो, एखादी गोष्ट कशासाठी आहे ते ठाऊक नसेल, तर ती काढून टाकण्याआधी कुणाला तरी विचारा हो! मॅडमचा फोन नंबर अजून दादाच्या टेबलामागच्या भिंतीवर चिकटवलेला आहे. एक फोन पुरेसा होता. उद्यापासून ताई नवा आराखडा काढायला बसणार आहे, आणि तोही माझ्यातूनच जाणार आहे.